पाकिटावरचा भाव कोण ठरवतो?

‘व्यवसाय व्यवस्थापनावर परिणाम करणारे घटक सांगा’ हा प्रश्न आपल्या औद्योगिक व्यवस्थापनाच्या पेपरात हमखास येतो. उत्तरही होस्टेलमध्ये सगळ्यांचं पाठ असतं. तंत्रज्ञान, जागतिकीकरण, सरकारी धोरण, स्पर्धा, ग्राहक. पाच मथळे, प्रत्येकाखाली चार ओळी, की झाले मार्क पक्के! मीही तेच पाठ केलं होतं.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा बाबांनी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं आणून ठेवली होती. एक माझ्या हातात देऊन म्हणाले, “इंजिनिअरसाहेब, एवढं शिकायलास, तर सांग, ह्याच्यावरचा भाव कोण ठरवतो?” मी ऐटीत म्हणालो, “मागणी आणि पुरवठा.” बाबा नुसते हसले. ते हसू मला लागलं. कारण आमच्या घरची फी, मेसचं बिल, सगळं त्या पाकिटातून उगवतं.

परत आल्यावर लायब्ररीत बसून शोधलं, आणि लक्षात आलं की उत्तर आपल्या जालन्यातूनच सुरू होतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी काढली. सुरुवात होती ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या बियाण्याची. पुढे संकरित वाणं आली. संकरित बियाण्याचं तंत्र आपण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिली पिढी जोमदार येते. पण तिचंच बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी दुकानात जावं लागतं. आजोबा घरचं बी मडक्यात राखेत घालून ठेवायचे, ते थांबलं. एका तंत्रामुळे कायमचा ग्राहक तयार झाला. आणि हे बी तयार करायला हाताने परागीकरण करणारी माणसं लागतात, म्हणून आपल्या भागात आणि शेजारच्या देऊळगाव राजाकडे बीजोत्पादनाच्या शेडनेट दिसतात. शेतकरीच शेतकऱ्याचा पुरवठादार झाला!

आता पुढची कडी. १९८८ साली केंद्र सरकारने नवं बियाणे धोरण आणलं आणि परदेशी बियाणे व परदेशी कंपन्यांसाठी दार उघडलं. १९९१ नंतर ते आणखी मोठं झालं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला, आणि दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी असलेली कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन आता झाडातच तयार होऊ लागलं.

इथे व्यवस्थापनाची खरी गंमत आहे. या भागीदार कंपनीने हे जनुक फक्त स्वतःपुरतं ठेवलं नाही. देशातल्या दुसऱ्या बियाणे कंपन्यांना परवाना दिला आणि दर पाकिटामागे शुल्क घेतलं. स्पर्धक विकेल त्यातही आपला वाटा! सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर होतं आणि त्यातला मोठा भाग या शुल्काचा होता. म्हणजे बाबांनी मोजलेल्या पैशाचं बरंचसं मोल बियाण्याचं नव्हतंच, आत बसवलेल्या जनुकाचं होतं.

पण भाव असा चढला की ओरड होणारच. आंध्र सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं. २००६ मध्ये पाकिटाचा भाव ७५० वर आला आणि इतर राज्यांतही तोच कित्ता गिरवला गेला. पाठ केलेल्या यादीत ‘सरकारी धोरण’ हा वेगळा मथळा आहे. इथे मात्र ते धोरण तंत्रज्ञानाच्या किमतीतून जन्माला आलेलं दिसतं.

पुढे डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. २०१६ ला बोलगार्ड-२ चं पाकीट ८०० रुपये आणि त्यात जनुकाचं शुल्क फक्त ४९. २०१८ मध्ये पाकीट ७४०, शुल्क ३९. २०२० मध्ये शुल्क शून्य! तर बाबांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे, की छापलेला कमाल भाव दिल्लीत ठरतो.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण मग परिणामांचं काय? शुल्क कापलं गेलं आणि तंत्रज्ञान इतरांना द्यायच्या सक्तीची चर्चा सुरू झाली, तेव्हा २०१६ मध्येच कपाशीच्या पुढच्या, तणनाशक सहन करणाऱ्या वाणाचा मंजुरीचा अर्ज मागे घेण्यात आला. इकडे गुलाबी बोंडअळीला बोलगार्ड-२ ची सवय झाली होती. २०१७ चा हंगाम आमच्या गावात अजून काढतात. बोंडं बाहेरून धड आणि आत अळी. नवं कायदेशीर बी येईना, मग बिगरपरवान्याचं ‘चोरबीटी’ गावोगाव फिरू लागलं. त्याला बिल नाही, फसलं तर तक्रार नाही. भाव कमी करणारा आदेश चुकीचा होता असं मी म्हणत नाही. सोळाशे रुपये मोजणाऱ्यांच्या घरात मी वाढलोय. पण एका ठिकाणी दाबलं की दुसऱ्या ठिकाणी फुगतं, हे मात्र नक्की.

हाच खेळ आपल्या लोखंडातही आहे. माझा चुलतभाऊ एमआयडीसीत भट्टीवर आहे. भंगार वितळवून बिलेट, बिलेटपासून सळई. एक टन भंगार वितळवायला साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते, म्हणून इथे वीजबिलावर नजर ठेवणारा माणूस विक्रीवाल्याइतकाच मोठा. कित्येक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उद्योगांना वीज स्वस्त असायची. साहजिकच भट्ट्या रात्री धडधडायच्या आणि कामगार दिवसा झोपायचे. मग सौरऊर्जा वाढली, दिवसा वीज मुबलक झाली, आणि २०२५ मध्ये वीज नियामक आयोगाने सवलत दिवसाच्या तासांकडे वळवली. त्यावर कज्जेही झाले. कुठल्या तरी माळरानावरच्या सौरपॅनलमुळे जालन्यातल्या भट्टीवाल्याला पाळीचा तक्ता नव्याने मांडायची वेळ आली! पुस्तकातला कुठला मथळा द्यायचा याला?

पाण्याचंही तसंच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याने टँकरवर दिवस काढले, मोसंबीच्या बागा वाळल्या. तो घटक आपल्या यादीत नाहीच.

दिवाळीत बाबांना सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “मग फवारणीच्या औषधाचा भाव कोण ठरवतो?” तो शोध अजून चालू आहे. चुलतभावाची मात्र सध्या दिवसपाळी आहे, त्यामुळे रविवारी संध्याकाळी मेस बंद असली की मी जेवायला त्याच्याकडे जातो.