कोस्टा रिका : गोलरक्षकांचा वारसा

आजही जेमतेम ५० लाखांच्या आसपास वस्ती असलेला कोस्टा रिका विश्वचषकात पहिल्यांदा उतरला तो १९९० साली, इटलीत. प्रशिक्षक बोरा मिलुटिनोविच यांना तयारीसाठी मोजकेच महिने मिळाले होते. तरीही हुआन कायासोच्या गोलने स्कॉटलंड हरलं, स्वीडनवर २-१ अशी मात झाली आणि बलाढ्य ब्राझीललाही एकाच गोलवर समाधान मानावं लागलं. या तिन्ही सामन्यांत गोल राखला लुईस गाबेलो कोनेहो याने. बाद फेरीत दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही. त्या सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहरावीने हेडरने तीन गोल केले आणि संघ १-४ असा हरला. एका गोलरक्षकाचं मोल देशाला तेव्हा नेमकं कळलं.

पुढे कोनेहो स्पेनच्या आल्बासेते क्लबकडून खेळला. २०१० मध्ये त्याच क्लबमधून स्पेनमधली कारकीर्द सुरू केली पेरेझ सेलेदोन भागातल्या केलॉर नवासने. २०१४ च्या विश्वचषकात नवास गोलमध्ये होता आणि त्याला घडवणारा गोलरक्षक-प्रशिक्षक होता कोनेहो.

त्या वर्षी गटात उरुग्वे, इटली, इंग्लंड असे तीन माजी जगज्जेते होते. मुख्य प्रशिक्षक होर्हे लुईस पिंटो यांनी पाच बचावपटूंची फळी उभी केली. ती एकदिलाने पुढे सरकायची आणि प्रतिस्पर्धी आघाडीवीर ऑफसाइडमध्ये अडकायचे. फळीमागे मोकळी राहणारी जागा मात्र धोक्याची, तिथे धावून जाणं हे नवासचं काम. उरुग्वे ३-१ ने हरला, ब्रायन रुईसच्या हेडरने इटली नमली, इंग्लंडशी गोलशून्य बरोबरी झाली आणि कोस्टा रिका गटात अव्वल ठरला. ग्रीसविरुद्ध लाल कार्डामुळे दहाच खेळाडू उरले, तरी संघ तग धरून राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये नवासने गेकासचा फटका अडवला. उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सने हरवलं, तेही शूटआउटमध्येच. पाच सामन्यांच्या खेळात संघाने गोल खाल्ले फक्त दोन, त्यातला एक पेनल्टीवर.

याला चमत्कार म्हणणं त्या मेहनतीवर अन्याय आहे. छोट्या देशाकडे निवडीला खेळाडू थोडे, पैसाही बेताचा. अशा वेळी एकाने कमावलेली विद्या पुढच्याला देणं हीच खरी गुंतवणूक. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनकडून ०-७ असा दारुण पराभव पत्करूनही चारच दिवसांनी याच संघाने जपानला १-० ने हरवलं. गोलमध्ये पुन्हा नवास होता. मोठ्या संघांशी बरोबरी करू पाहणाऱ्या प्रत्येक छोट्या देशाने कोस्टा रिकाकडून हे शिकावं : निवृत्त खेळाडूला हारतुरे देऊन घरी पाठवू नये, त्याला सरावाच्या मैदानावर आणावं.