आवाजाची किर्द
हातातील संगणकावर ध्वनी साठविण्याची व ऐकविण्याची रीत

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्या सभासदांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपून ठेवाव्यात असे ठरले, तेव्हा ते काम आमच्याकडे आले. शाळेत मुलांना संगणक शिकविताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारी एक लहानशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, आम्ही लिहिली होती. तीच वापरावी असे योजिले. पहिल्याच दिवशी फजिती झाली. नव्वदी ओलांडलेले एक चाचा 37 मिनिटे बोलले आणि मोबाइलची बॅटरी संपली. घरी येऊन फाइल उघडली, तो कालावधी शून्य! चाचांना पुन्हा तेवढे बोलावयास लावणे शक्य नव्हते. तो आवाज पुढे परत मिळाला. कसा मिळाला हे समजण्यासाठी मोबाइल आवाज साठवितो म्हणजे काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे.

आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब कमीजास्त होतो. मायक्रोफोन त्या दाबाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो, आणि यंत्रातील मापक ठराविक काळाने त्या चढउताराची उंची मोजून आकडा लिहितो. आमच्या आज्ञावलीत हे मोजमाप सेकंदाला 16,000 वेळा होते. प्रत्येक आकडा 16 बिटांचा, म्हणजे उणे 32,768 पासून अधिक 32,767 पर्यंत, आणि त्यास जागा लागते 2 बाइट. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्यास 32,000 बाइट व एका मिनिटास 19,20,000 बाइट.

सेकंदाला 8,000 वेळा मोजले तर निम्म्या जागेत भागणार नाही काय? भागेल, परंतु नियम असा आहे की, मोजमापाचा जो वेग, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज हाती लागतो. 8,000 ला 4,000 पर्यंतचा. ‘स’ आणि ‘श’ यांचा पुष्कळसा जोर त्याहून वर असतो. म्हणून साध्या टेलिफोनवर ही अक्षरे पुसट ऐकू येत. ‘चार’ मधला च वेगळा आणि गुरांच्या ‘चारा’ मधला वेगळा. मराठी व दख्खनी यांची सरमिसळ करून बोलणाऱ्या चाचांच्या तोंडची अशी बारीक लकब गेली, तर मजकूर राहील पण माणूस हरवेल. म्हणून 16,000.

आता आज्ञावलीचे काम पाहू. अँड्रॉइड जातीच्या मोबाइलवर ध्वनी घेण्यासाठी ‘ऑडिओरेकॉर्ड’ व ऐकविण्यासाठी ‘ऑडिओट्रॅक’ अशी साधने आज्ञावली लिहिणाऱ्यास दिलेली आहेत. प्रथम मालकाकडून मायक्रोफोन वापरण्याची परवानगी घ्यावयाची. मग वेग किती, आकडा किती बिटांचा, मार्ग एक की दोन, हे सांगावयाचे. त्यानंतरचा व्यवहार नळावर पाणी भरण्यासारखा आहे. नळ वाहतो आहे. एक घागर भरते आहे, तोवर दुसरी घरात रिकामी करून परत आणावयाची. या घागरीस ‘बफर’ म्हणतात. आमची घागर एक दशांश सेकंदाची, म्हणजे 3,200 बाइटांची. रिकामी घागर वेळेवर आली नाही तर पाणी सांडते, म्हणजे वाक्यातील तुकडाच गळतो. ऐकविताना क्रम उलटा: आज्ञावलीने घागर भरून द्यावयाची आणि स्पीकरने ती रिती करावयाची. तेथे उशीर झाला की आवाज तुटतो, ‘खट्’ असे ऐकू येते. घागर मोठी घेतली तर तुटण्याची धास्ती कमी, पण आवाज उशिरा निघतो. संभाषणास ते चालत नाही; आठवणी टिपण्यास चालते.

हे आकडे नुसते लिहून ठेवले, तर ते शीर्षक नसलेल्या किर्दीच्या पानासारखे होतात. रकमांच्या रांगा आहेत, पण खाते कोणाचे, रुपये की आणे, याचा पत्ता नाही. म्हणून मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी 1991 मध्ये ठरविलेल्या ‘वेव्ह’ पद्धतीच्या फाइलीत आरंभी एक मथळा असतो, साध्या प्रकारात 44 बाइटांचा. त्यात वेग, बिटे, मार्ग आणि पुढे किती बाइट आवाज आहे, हे लिहिलेले असते. मुद्रण सुरू होताना ही शेवटची संख्या ठाऊक नसते. आमच्या आज्ञावलीने तेथे शून्य लिहिले होते. मुद्रण थांबविले की खरी संख्या भरावयाची. बॅटरी संपल्यामुळे ती भरलीच गेली नाही. आवाज जागच्या जागी होता, फक्त मथळा ‘काही नाही’ म्हणत होता!

मग उपाय सोपा होता. फाइलीचा आकार पाहिला, त्यातून 44 वजा केले. उरले सुमारे 7,10,40,000 बाइट. त्यास 32,000 ने भागा. 2,220 सेकंद, म्हणजे 37 मिनिटे! ही संख्या मथळ्यात एका जागी लिहिली, तीत 36 मिळवून दुसऱ्या जागी लिहिली. शेवटचे काही क्षण तेवढे गेले होते. फाइल लावली तो चाचांचा पहिला प्रश्न ऐकू आला, “बेटा, यंत्र चालू आहे ना?” आम्हास हसू आले आणि डोळेही भरून आले.

पूर्वी हे भाग्य लाभले नसते. 2000 च्या सुमाराचे, ‘विंडोज सीई’ वर चालणारे खिशातील संगणक आपली माहिती बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवीत. बॅटरी पुरती संपली की सारेच जाई. 2005 नंतर ती अडचण दूर होत गेली.

आमच्या आज्ञावलीत आम्ही दुरुस्ती केली: दर 10 सेकंदांनी ती मथळ्यातील संख्या नवी करते. मुद्रण करणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावीत. बॅटरी भरून घ्यावी, मध्येच फोन येऊ नये अशी व्यवस्था करावी, मूळ फाइल आक्रसून लहान करू नये, आणि तिच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात.

फाइलीचा मथळा मागाहून लिहिता येतो; न टिपलेला आवाज मागाहून आणता येत नाही. ट्रस्टच्या पहिल्या पिढीतील जी मंडळी आज आपल्या घरांत आहेत, त्यांच्यापाशी या महिन्यातच एक तास बसावे, एवढीच सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे.