मुलाखत कुणाची? कंपनीचीसुद्धा!

मुलांनो, मुलाखत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? टेबलापलीकडे चष्मे लावून बसलेली तीन माणसं आणि अलीकडे घाम पुसणारा एक उमेदवार. त्यांनी विचारायचं, यानं सांगायचं. बरोबर ना? मलाही तसंच वाटायचं.

मी पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या पहिल्यावहिल्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. ती एके दिवशी वडिलांना घेऊन घरी आली. हातात दोन पत्रं. एक महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं, शुक्रवारी मुलाखतीला या म्हणून. दुसरं मुंबईच्या कुठल्याशा 'प्रायव्हेट लिमिटेड'चं. त्यात पगार दुप्पट, पण मुलाखतीआधी नोंदणी फी म्हणून २,५०० रुपये भरायचे. भात विकून आलेल्या पैशांतून वडील ते भरायला निघालेच होते.

"बाई, मुलाखतीत काय विचारतील हो?"

"ते राहू दे. एमआयडीसीतली ही कंपनी बनवते काय?"

"औषधं."

"कसली? गोळ्या? सिरप?"

ती गप्प. चौथीत पाढा अडला की जशी खाली बघायची, तश्शी बघत बसली!

मग आम्ही तिघं अभ्यासाला बसलो. आधी मुंबईचं पत्र घेतलं. आपल्या देशात कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला एक ओळख क्रमांक मिळतो. त्याला सीआयएन म्हणतात. तो २१ अक्षरं-आकड्यांचा असतो आणि कंपनीच्या लेटरहेडवर छापावाच लागतो. गंमत अशी की, तो वाचता येतो! आपल्या महावितरणचाच बघा: यू ४०१०९ एमएच २००५ एसजीसी १५३६४५. 'यू' म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली; नोंद असेल तर 'एल'. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र. २००५ हे नोंदणीचं साल. आता तुम्ही म्हणाल, वीज तर त्याआधीही होती की! होती, पण तेव्हा वीज मंडळ होतं. २००५ साली त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. 'एसजीसी' म्हणजे राज्य सरकारची कंपनी. खासगी मर्यादित असेल तर तिथे 'पीटीसी' येतं. शेवटचे सहा आकडे हा नोंदणी क्रमांक.

कोपऱ्यावरच्या दुकानाला किंवा भागीदारीतल्या धंद्याला हा क्रमांक नसतो, आणि त्यात काही वावगं नाही. पण नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' लावायचं तर तो हवाच. मुंबईच्या त्या पत्रावर नव्हता. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहिलं. त्या नावाची कंपनीच नाही! वडिलांनी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. बोलले काहीच नाहीत. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागत नाही, हे पालकांनी जरूर लक्षात ठेवावं.

आता शुक्रवारची मुलाखत. मी तिला सुधा मूर्तींची गोष्ट सांगितली. १९७४ साली त्या सुधा कुलकर्णी होत्या, बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकत होत्या. पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात त्यांनी वाचली. बायकांनी अर्ज करू नयेत, असं त्यात लिहिलेलं! त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. पण नुसता राग नव्हता त्यात. टाटांनी देशात पोलाद, रसायनं, कापड, रेल्वे इंजिनं असे कोणकोणते उद्योग उभारले, ज्या संस्थेत आपण शिकतोय ती उभी राहण्यातही टाटांचाच कसा हात होता, हे लिहून मग विचारलं की अशा टाटांच्या कंपनीत हा भेदभाव कसा? पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. तीच टेल्को पुढे टाटा मोटर्स झाली. कंपनीचा इतिहास ठाऊक नसता, तर त्या कार्डावर काय लिहिलं असतं?

गोष्ट ऐकून आमची बाई दुसऱ्याच दिवशी वडिलांबरोबर एसटीने महाडला आणि तिथून बिरवाडीकडे, कारखान्याच्या फाटकाशी गेली. आत कुणी सोडलं नाही. पण बाहेर एक फलक असतो. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांनी ती कोणती, किती, हवेत आणि पाण्यात काय सोडलं जातं, हे फाटकाबाहेर लिहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बजावलं आहे. येणारे-जाणारे तो फलक वाचत नाहीत, मीसुद्धा कधी वाचला नव्हता. हिने वहीत सगळी नावं उतरवून आणली. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर वडिलांनी कामगारांशी गप्पाही मारल्या. तेव्हा उलगडा झाला. तिथे गोळ्या बनत नाहीत, गोळ्यांना लागणारी रसायनं बनतात.

फलकाचं एवढं काय, असं वाटतंय? ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार गेले. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी तोच विषय होता. म्हणून तिच्या आईची एकच अट होती, आधी तिथलं सगळं विचारून ये.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "आमच्याबद्दल काय माहीत आहे?" हिने वही न उघडता धडाधड सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?" हिने दोन प्रश्न विचारले. रात्रपाळीला प्रयोगशाळेत किती माणसं असतात? आणि पगार कंपनी देणार की ठेकेदार? पहिल्याचं उत्तर चटकन मिळालं. दुसऱ्याला दोघे साहेब एकमेकांकडे बघू लागले. मग एक म्हणाले, "पहिली दोन वर्षं ठेकेदारामार्फत."

नेमणुकीचं पत्र आलंय. तिने अजून होय म्हटलेलं नाही. ठेकेदाराचं नाव तेवढं विचारून घेतलंय, आणि येत्या रविवारी वही घेऊन ती पुन्हा माझ्याकडे येणार आहे.