पेटंटच्या तीन वाटा

कांदिवलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मिती चालते. त्यामुळे इथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आम्हाला हमखास एक प्रश्न येतो : एम.एस्सी.नंतर पेटंटच्या कामात जावे का? त्यामागे एक धास्तीही असते. प्रयोगशाळा सुटली म्हणजे विज्ञानच सुटले का?

एक प्रकरण पाहू. बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाचा खर्च महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये येत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईहून पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि तिच्या औषधाची किंमत सुमारे ८,८०० रुपये ठरली. भारतातील हा पहिलाच असा परवाना. पुढे वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला. रेणू समजणारी माणसे कार्यालयात, कंपनीत आणि न्यायालयात, तिन्हीकडे लागतात, हे यावरून दिसते.

पहिली वाट परीक्षकाची. ही सरकारी नोकरी, स्पर्धा परीक्षेतून मिळणारी. मुंबईचे कार्यालय अँटॉप हिलला आहे. शोध नवा आहे का, जाणकाराला सहज सुचण्याजोगा तर नाही ना आणि उद्योगात वापरता येईल का, हे परीक्षक जुने साहित्य धुंडाळून तपासतो. नोकरी स्थिर, मात्र कोणाचीही बाजू घेता येत नाही.

दुसरी वाट पेटंट एजंटाची. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, वयाची २१ वर्षे पूर्ण आणि पात्रता परीक्षा एवढे पुरते. कायद्याची पदवी लागत नाही. खरे कसब ‘दावे’ लिहिण्यात. समजा, नव्या स्टुलाच्या दाव्यात ‘चार पाय’ लिहिले, तर प्रतिस्पर्धी तीन पायांचे करून निसटेल. नुसते ‘पाय असलेले आसन’ लिहिले, तर आजीच्या घरातले जुने स्टूलच दावा पाडील! एजंट कंपनीत नोकरी करतो किंवा स्वतंत्र व्यवसाय. व्यवसायात जम बसेपर्यंत मिळकत बेताची.

तिसरी वाट वकिलाची. पदवीनंतर कायद्याची आणखी तीन वर्षे. एजंटाला नियंत्रकापुढे बाजू मांडता येते, न्यायालयात नाही. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचे अपील मंडळ रद्द होऊन अपिले उच्च न्यायालयांकडे गेली. त्यामुळे विज्ञान जाणणाऱ्या वकिलाचे महत्त्व वाढले.

मग निवड कशी करावी? ज्याला शांतपणे वाचून निवाडा करणे आवडते त्याने पहिली, नेमके लिहिणे आवडते त्याने दुसरी, वाद घालणे आवडते त्याने तिसरी. ज्याला स्वतःच्या हाताने नवे घडवल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने मात्र प्रयोगशाळा सोडू नये. या तिन्ही वाटांवर दुसऱ्याचाच शोध हाती येतो.

आणि धास्तीचे काय? आइनस्टाइन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात परीक्षक होते. १९०५ चे त्यांचे प्रसिद्ध शोधनिबंध त्याच काळातले.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. छत्रीचे एकाच वाक्यात असे वर्णन लिहायला सांगावे, की प्रत्येक छत्री त्यात बसेल आणि दुसरी कोणतीही वस्तू बसणार नाही. या खटाटोपात जो रमेल, त्याला पेटंटची वाट जरूर दाखवावी.