ठळक आकड्याची गोष्ट

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भानगडीत पडावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मी आपण होऊन पडलो नाही. धायरीत आमच्या शेजारी राहणारे आबा एका संध्याकाळी पगाराची चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले.

"सर, बँकेनं चिठ्ठी परत केली. पोरीच्या फीचं कर्ज अडलं की हो!"

आबा एका लहान कारखान्यात लेथ चालवतात. चिठ्ठीवर 'कपात' आणि 'निव्वळ पगार' हे दोन रकाने होते. पण खाली आकडा एकच, सलग : १८००१८४५०. त्याचा उत्तरार्ध तेवढा ठळक. अठरा कोटींची कपात कोणत्या बँकेला पटावी?

माझा भाचा असले कार्यक्रम लिहितो. चिठ्ठी पाहताच तो हसला. "मामा, आकडा ठळक करताना घोटाळा झालाय."

पूर्वी छापखान्यात ठळक अक्षरांचे खिळेच वेगळे असत. संगणकाच्या जुन्या ओळछपाई यंत्रांवर कागद न सरकवता तीच ओळ दुसऱ्यांदा छापीत. ठिपक्यांनी छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स यंत्राला मात्र हुकूम द्यावा लागतो. एप्सन कंपनीच्या संकेतांत २७ व ६९ हे क्रमांक पाठवले की ठळक छपाई सुरू, २७ व ७० पाठवले की बंद. सुरू असेतो प्रत्येक ठिपका किंचित उजवीकडे सरकून पुन्हा उमटतो, म्हणून अक्षर जाड दिसते.

मौज पुढेच आहे. हे चार क्रमांक म्हणजे चार अक्षरेच. फक्त ती कागदावर उमटत नाहीत. पगाराचा रकाना नऊ घरांचा. १८४५० ची पाच घरे, डावीकडे चार मोकळी. लिहिणाऱ्याने आधी आकड्याला हुकूम जोडले आणि मग रकाना भरला. संगणकाने मोजली नऊ अक्षरे. जागा भरली असे समजून मोकळी घरे सोडलीच नाहीत. छपाईयंत्राने हुकूम गिळले आणि पगार कपातीला जाऊन चिकटला.

"मग उपाय?" मी विचारले.

"आधी मोकळी घरे धरून नऊची भरती करायची, मग दोन्ही बाजूंना हुकूम लावायचे. क्रम बदलला की झालं."

कारखान्याच्या हिशेबनिसांना भाच्याने तेवढेच सांगितले. दोन दिवसांनी नवी चिठ्ठी आली. १८०० आपल्या जागी, १८४५० आपल्या जागी, ठळक आणि सुटसुटीत. आबांनी ती घडी न घालता, पुठ्ठ्यात ठेवून बँकेत नेली. कर्ज मंजूर झाले.

मी निबंध तपासताना शब्दाशब्दाखाली रेघ मारणाऱ्या मुलांवर रागावतो. आता त्यांना आबांची चिठ्ठी सांगतो. एखादी गोष्ट ठळक करायची, तर आधी तिच्याभोवती मोकळी जागा राखावी. आणि ठळकपणा कोठे थांबवायचा, तेही सांगून ठेवावे.