जागतिक विज्ञानकथा संमेलन व ह्यूगो पारितोषिके

विज्ञानकथेच्या वाचक-लेखकांचे वार्षिक आंतरराष्ट्रीय संमेलन आणि त्यात देण्यात येणारी वाङ्मयीन पारितोषिके. ‘वर्ल्डकॉन’ ह्या संक्षिप्त नावाने हे संमेलन ओळखले जाते. ह्यूगो पारितोषिकांचा निर्णय परीक्षकमंडळ करीत नाही. शुल्क भरून संमेलनाचे सभासद झालेले वाचक तो मतदानाने करतात. ह्या पारितोषिकांच्या प्रतिष्ठेचे, तसेच त्यांच्याभोवती उद्‌भवलेल्या वादांचे मूळ ह्या पद्धतीतच आहे.

लक्सेंबर्गमध्ये जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले संपादक ह्यूगो गर्न्सबॅक (१८८४–१९६७) ह्यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेझिंग स्टोरीज हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यातील वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापली जात. त्यामुळे दूरदूरच्या वाचकांचा परस्परांशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यातून स्थानिक मंडळे व हौशी नियतकालिके निघाली. अशा मंडळांच्या पुढाकाराने २ ते ४ जुलै १९३९ ह्या काळात न्यूयॉर्क येथे, तेथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने, पहिले संमेलन भरले. सु. २०० लोक उपस्थित होते. वाचकांतील तटबंदी तेव्हाही दिसून आली : संयोजकांशी असलेल्या वैमनस्यामुळे एका मंडळाच्या सहा जणांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांत डॉनल्ड वॉलहाइम, सिरिल कॉर्नब्लुथ व फ्रेडरिक पोल हे होते. पोल ह्यांच्याच गेटवे ह्या कादंबरीला पुढे १९७८ मध्ये ह्यूगो पारितोषिक लाभले.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ ह्या वर्षांत संमेलन भरले नाही. १९४८ मध्ये ते टोराँटोस, १९५७ मध्ये लंडनला आणि १९७० मध्ये हायड्लबर्गला भरले. आशियातील पहिले संमेलन योकोहामा येथे (२००७), तर दुसरे चीनमधील चेंगडू येथे (२०२३) झाले. संमेलनाचे स्थळ सभासदच मतदानाने आगाऊ ठरवितात. ‘जागतिक विज्ञानकथा सोसायटी’च्या घटनेनुसार कारभार चालत असला, तरी प्रत्येक वर्षीचे संमेलन व त्यातील पारितोषिकांची व्यवस्था त्या त्या ठिकाणच्या स्वतंत्र समितीकडे असते.

पारितोषिके प्रथम १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे देण्यात आली. कादंबरीचे पहिले पारितोषिक ॲल्फ्रेड बेस्टर ह्यांच्या द डिमॉलिश्ड मॅन ह्या कृतीस मिळाले. १९५४ चा अपवाद वगळता १९५५ पासून ती दरवर्षी दिली जातात. गर्न्सबॅक ह्यांच्या गौरवार्थ रूढ झालेले ‘ह्यूगो’ हे नाव पुढे अधिकृत झाले. पारितोषिकाबरोबर रक्कम दिली जात नाही; अग्निबाणाची प्रतिकृती हे सन्मानचिन्ह असते व तिची बैठक दरवर्षी नव्याने घडविली जाते. कथात्म साहित्याचे वर्ग शब्दसंख्येवरून पाडलेले आहेत : ७,५०० शब्दांहून लहान ती लघुकथा, त्यापुढे १७,५०० शब्दांपर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी व त्याहून मोठी ती कादंबरी. संपादन, चित्रकला, नाट्याविष्कार, हौशी नियतकालिके इत्यादींसाठीही वेगळी पारितोषिके आहेत.

मतदान दोन टप्प्यांत होते. प्रथम सभासद प्रत्येक वर्गात पाचपर्यंत कृती सुचवितात व त्यांतून अंतिम यादी तयार होते. नंतर मतदार यादीतील कृतींना पसंतिक्रम देतात. कोणत्याही कृतीस निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास तळाची कृती बाद करून तिची मते पुढील पसंतीच्या कृतीकडे वळवितात. भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूकही पसंतिक्रमाच्याच तत्त्वावर होते. मात्र येथे ‘पारितोषिक नको’ असाही पर्याय मतपत्रिकेवर असतो.

ॲन मॅकॅफ्री (१९६८) ही कथात्म साहित्यासाठी ह्यूगो मिळविणारी पहिली स्त्री, तर अर्सुला ल ग्विन (१९७०) ही कादंबरीसाठी तो मिळविणारी पहिली स्त्री होय. एन्. के. जेमिसिन ह्यांनी २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे कादंबरीचे पारितोषिक मिळविले.

नामनिर्देशनाच्या टप्प्यावर मते असंख्य कृतींत विखुरतात. त्यामुळे संघटित असा लहान गटही यादी व्यापू शकतो. २०१५ मध्ये, पारितोषिकांत विशिष्ट विचारसरणीस झुकते माप मिळते अशी तक्रार करणाऱ्या काही गटांनी ठरावीक कृतींच्या याद्या प्रसृत केल्या आणि अनेक वर्ग व्यापले. सभासदांनी पाच वर्गांत ‘पारितोषिक नको’ असा कौल दिला. त्याच वर्षी मार्को क्लूस ह्यांनी, अशा यादीत आपले नाव असल्याच्या कारणास्तव, आपली कादंबरी मागे घेतली. रिकाम्या जागी आलेली लिऊ त्सिशिन ह्यांची द थ्री-बॉडी प्रॉब्लेम (इंग्रजी अनुवाद केन लिऊ) हीच विजयी ठरली. २०१७ पासून नामनिर्देशनाची मोजणी बदलण्यात आली : प्रत्येक वर्गात मतदाराचा एक गुण त्याने सुचविलेल्या कृतींत सारखा वाटला जातो व त्यांतील एखादी बाद झाल्यास उरलेल्यांत पुन्हा विभागला जातो. त्यामुळे एका गटाला संपूर्ण यादी व्यापणे कठीण झाले.

तथापि मोजणीचा नियम मोजणाऱ्यांच्या सचोटीची हमी देऊ शकत नाही. चेंगडू संमेलनाची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पुरेसा पाठिंबा मिळूनही काही कृती व व्यक्ती कारण न देता अपात्र ठरविल्याचे उघड झाले. नेब्यूला पारितोषिक मिळविणारी आर्. एफ्. क्वांग ह्यांची बेबल ही कादंबरी त्यांपैकी एक होय. चीनमधील राजकीय संवेदनशीलता ध्यानात घेऊन पाश्चात्त्य व्यवस्थापकांनी लेखकांविषयी माहिती गोळा केली होती, हेही नंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसून आले. उलटपक्षी २०२४ च्या ग्लासगो संमेलनाच्या व्यवस्थापकांनी ३७७ संशयास्पद मते रद्द केली आणि तसे कारणांसह निकालापूर्वीच जाहीर केले.

नेब्यूला पारितोषिकांसाठी (१९६६ पासून) व्यावसायिक लेखकांच्या संघटनेचे सभासद मतदान करतात. ह्यूगोचा कौल मात्र सर्वसामान्य वाचकांचा असतो. त्यामागे कोणत्याही शासनाचे वा विद्यापीठाचे पाठबळ नाही. आपले मत यथार्थपणे मोजले जाईल, हा सभासदांचा विश्वास हाच त्याचा मुख्य आधार होय.