‘युनिएट’ या शब्दाचा अर्थ व वापर

ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे वाचन करताना ‘युनिएट’ हा शब्द आपल्या दृष्टीस पडतो. ‘ऐक्याचा पुरस्कर्ता’ असा त्याचा मूळ अर्थ आहे. अर्थ इतका चांगला असूनही ज्यांना तो लावला जातो त्यांचे मन त्यामुळे दुखावते. असे का, हे आपण समजून घेऊ या.

‘ऐक्य’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून स्लाव्ह भाषांत ‘उनिया’ हा शब्द आला. १५९६ साली, आज बेलारूसमध्ये असलेल्या ब्रेस्ट या गावी, कीव्ह महाप्रांताच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स महागुरुस्वामींनी रोमशी ऐक्य जाहीर केले. त्यांनी पोप महोदयांचा अधिकार मान्य केला. मात्र आपला बायझंटाईन उपासनाविधी व विवाहित धर्मगुरूंची परंपरा कायम राखली. या ‘उनिया’चे समर्थक ते ‘युनिएट’. हा शब्द विरोधकांच्या तोंडी रुळला आणि ‘आपल्यांना सोडून गेलेले’ असा उपहासाचा अर्थ त्याला चिकटला.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली पौर्वात्य ख्रिस्तसभांविषयीच्या आदेशात सर्व विधींची प्रतिष्ठा समान असल्याचे सांगितले. आज अशा २३ ख्रिस्तसभा आहेत व त्यांना ‘पौर्वात्य कॅथलिक ख्रिस्तसभा’ असेच म्हणावे. १९९३ साली लेबनॉनमधील बालामंद येथे कॅथलिक व ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी, एका ख्रिस्तसभेचे गट दुसरीत ओढून ऐक्य साधण्याची जुनी पद्धत यापुढे नको, असे मान्य केले. त्याचबरोबर पौर्वात्य कॅथलिकांचा अस्तित्वाचा हक्कही मान्य केला.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २० सप्टेंबर १९३० रोजी मार इवानिओस यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह रोमशी ऐक्य साधले व सिरो-मलंकरा कॅथलिक ख्रिस्तसभा उदयास आली. पुण्याजवळील खडकी येथे २०१९ पासून तिचा धर्मप्रांत आहे. कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ सालचा. सिरो-मलबार भाविकांच्या श्रद्धेनुसार तर रोमशी त्यांचे नाते कधी तुटलेच नव्हते. मग त्यांना ‘युनिएट’ म्हणणे अर्थानेही चुकीचे ठरते.

उद्या टेंभुर्णीसारख्या महामार्गावरील गावी असे एखादे कुटुंब आपल्या शेजारी राहावयास आले, तर त्यांची प्रार्थनेची रीत वेगळी वाटेल. परंतु ते आपल्याइतकेच कॅथलिक आहेत. त्यांच्या विधीतील मिस्सात आपण सहभागी होऊन ख्रिस्तशरीर स्वीकारू शकतो आणि आपल्या मिस्सात तेही.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री आपल्या सर्वांच्या ऐक्यासाठी प्रार्थना केली. त्या ऐक्याचा आरंभ आपण शेजाऱ्याला योग्य नावाने हाक मारण्यापासून करू या.